मिल लॅक्सवर वॉलआय किती न्यायचे, केवढे न्यायचे? माझं मत: नुसतं पकडा-सोडा नको, दोन नेऊ द्या आणि मग गळ गुंडाळा

तळ्याकाठी
मिनेसोटात राहणाऱ्या आणि उन्हाळ्यात गळ घेऊन बाहेर पडणाऱ्या मंडळींशी हे बोलायचंच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मिल लॅक्स हे मिनियापोलिसच्या उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटरवरचं तळं, १ लाख ३२ हजार एकर, मध्ये उभं राहिलं तर काठ शोधावा लागतो. वॉलआय हा इथला मानाचा मासा, १९६५ पासून राज्याचा अधिकृत मासा पण तोच. आणि दरवर्षी सीझन उघडायच्या आधी तोच वाद, किती घ्यायचे आणि किती इंचाचे घ्यायचे.

२०१६ ला इथे वॉलआय घरी न्यायला पूर्ण बंदी आली, पकडा आणि सोडा, बस. ऐकायला छान वाटतं पण सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही हो. पाणी जितकं गरम आणि मासा जितका खोलातून वर ओढलेला तितके जास्त मरतात, त्यात गळ घशात गेला असेल तर विचारूच नका. आणि डीएनआर (म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) हे मेलेले मासे अंदाजाने मोजून कोट्यातूनच (म्हणजे त्या वर्षी किती पौंड मासा काढायचा त्या ठरलेल्या आकड्यातूनच) वजा करतं. म्हणजे कोटा संपतोय, मासा मरतोय आणि कुणाच्या ताटात काही नाही. २०१७ च्या जुलैत तीन आठवडे वॉलआय फिशिंगच बंद करावं लागलं ते यामुळेच, तेव्हा तर एकही मासा कुणी घरी नेत नव्हतं!

माझं म्हणणं असं की २० इंचाखालचे जे पहिले दोन लागतील ते घ्या, लहान असो मोठा असो, आणि त्या दिवसापुरतं वॉलआयच्या मागे लागणं बंद. जुलैच्या गरमीत तळं वॉलआयसाठी सरळ बंद ठेवा. हवा तसा मासा मिळेपर्यंत वीस मासे वर ओढून खाली सोडायचे याला मी तरी संवर्धन म्हणणार नाही.

अभय_डुलुथ
अजिबात पटलं नाही. "पहिले दोन घ्या आणि थांबा" हे कागदावर ठीक, थांबवणार कोण? दोन झाले की माणूस म्हणणार मी आता बास किंवा पाईक असले दुसरे मासे पकडतोय, आणि त्याच गळाला वॉलआय लागतच राहणार. वॉर्डन किती बोटींवर लक्ष ठेवणार.

दुसरं म्हणजे हिशोब करा ना. २०१५ ला राज्याच्या वाट्याला २८,६०० पौंड होते, नियम किती कडक तर माणशी एक मासा आणि तोही १९ ते २१ इंचातला, तरी ऑगस्टच्या सुरुवातीलाच सीझन बंद करावा लागला. अडीच पौंडाचा एक मासा धरला तर २८,६०० पौंड म्हणजे साडेअकरा हजार मासेसुद्धा होत नाहीत, आणि एवढ्या मोठ्या तळ्यावर सुट्टीच्या दिवशी बोटी किती असतात ते तुम्हीच बघता. त्या वर्षी तुमचा दोन-दोनचा नियम असता तर जूनसुद्धा निघाला नसता. पकडा-सोडा मध्ये काही मरतात मान्य, पण बरेचसे जगतात, विशेषतः मे महिन्यात पाणी गार असताना आणि उथळात पकडलेले. घरी नेलेला मात्र शंभर टक्के मेलेला असतो. फरक आहे की नाही?

रश्मी_क
अभयदादा, तुमचा पौंडाचा हिशोब बरोबर आहे पण इंचाचं काय? खरी गडबड मला तिथे दिसते.

वॉलआयमध्ये नर लवकर वयात येतो आणि लहानच राहतो. मादीला चार ते सहा वर्षं लागतात, तोवर ती १८-१९ इंचाला पोचते आणि पुढे वाढतच राहते. मोठ्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. म्हणून मोठे वाचवा हे बरोबरच. पण २०१३ ला इथे स्लॉट ठेवला १८ ते २० इंच, म्हणजे २८ च्या वरचा एखादा सोडला तर फक्त दोन इंचांच्या पट्ट्यातले मासे न्यायचे. मग अख्खा तालुका त्याच दोन इंचांवर तुटून पडणार! ज्या वयाच्या माशांनी आत्ता कुठे पहिल्यांदा अंडी घालायची तेच नेमके उचलले जातात, आणि त्या पट्ट्यातला एक मिळावा म्हणून बाहेरचे किती हाताळले जातात ते वेगळंच. त्यापेक्षा पट्टा रुंद ठेवा. २० च्या वरचे सगळे सोडा आणि खालचे सगळे चालतील, मग भार कुठल्याच एका वयावर पडणार नाही.

पण तळ्याकाठी, जुलै बंद करायला माझा ठाम विरोध. गॅरिसन, आयल, वाकॉन ही गावं या तळ्यावर जगतात. आमच्या ओळखीचं एक कुटुंब आहे त्यांचं गळाच्या आमिषाचं दुकान आहे, बंदी जाहीर झाली की बुकिंग कॅन्सलचे फोन दुसऱ्या दिवशी सुरू होतात आणि गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या तळ्यावर गेलं की पुढच्या वर्षी पण तिकडेच जातं. बंद असं पाटीवर लिहिलं की लोकांना वाटतं तळंच मेलं. २०१६ ला बासची मोठी राष्ट्रीय स्पर्धा याच तळ्यावर झाली, स्मॉलमाउथ जातीचे बास इतके आहेत, पण लोकांच्या डोक्यात मिल लॅक्स म्हणजे वॉलआयच.

बर्फाळ
सगळे इंच मोजत बसलेत आणि मूळ गोष्ट कुणीच बोलत नाहीये. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की ऐन अंडी घालायच्या वेळेला ट्राइब्सची (इथल्या मूळ रहिवासी जमातींची) जाळी लागतात तिथे, आणि आम्ही मे महिन्यात जाऊन एक मासा टेपने मोजायचा. अंड्यांवर आलेली मादी जाळ्यात गेली तर पुढची पिढी येणार कुठून? आधी ते थांबवा मग आम्हाला स्लॉट शिकवा.

नागपूरकर_मिनेसोटात
बर्फाळ, हे दरवर्षी ऐकतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८३७ च्या तहात ओजिब्वे लोकांनी आजच्या मिनेसोटा-विस्कॉन्सिनमधली प्रचंड जमीन अमेरिकन सरकारला दिली आणि त्या जमिनीवर शिकार करायचा, मासे धरायचा, रानातलं गोळा करायचा हक्क स्वतःकडे ठेवला. हा हक्क त्यांना कुणी दान दिलेला नाहीये, त्यांनी तो सोडलाच नव्हता. राज्य सरकार याविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९९९ मध्ये ५ विरुद्ध ४ ने हरलं. तेव्हापासून तहातल्या आठ बँड्स (म्हणजे ओजिब्वेंचे वेगवेगळे गट) आणि राज्य मिळून दरवर्षी सुरक्षित आकडा ठरवतात आणि त्याची वाटणी होते. २०१३ ला एकूण अडीच लाख पौंड होता, त्यात राज्याचे १,७८,७५० आणि बँड्सचे ७१,२५०. मोठा वाटा कुणाचा ते दिसतंय ना?

आणि एप्रिलचं म्हणाल तर जरा विचार करा. फेब्रुवारीत बर्फाला भोक पाडून तुम्ही मादी उचललीत तरी ती एप्रिलमध्ये अंडी घालत नाही, आदल्या सप्टेंबरात उचललीत तरी नाही. अंडी गेली ती गेलीच. मुद्दा वर्षभरात एकूण किती निघाले हा आहे, कुठल्या महिन्यात हा नाही. शिवाय पिल्लं जन्माला येत नाहीत अशी इथली तक्रार नाहीच, पिल्लं होतात पण दोन-तीन वर्षांची होईपर्यंत टिकत नाहीत हा इथला रोग आहे. त्यात जाळ्यांचा काय संबंध सांगा.

बर्फाळ
कायद्याने हक्क आहे हे मी नाकारत नाहीये. पण हक्क असणं आणि तो त्याच आठवड्यात वापरणं या दोन गोष्टी आहेत. मासे एका जागी गोळा झालेले असताना काढणं सोपं असतं, आणि आपल्याला त्याच वेळी बंदी असते. हे मला खटकतं आणि खटकणार. मोजून काढतात हे मान्य, तरी.

सातपाटीकर
मी तिकडचा नाही, पालघरकडचा, घरात पिढ्यानपिढ्या दर्या. पण विषय आमचाच आहे म्हणून लिहितोय. सिल्व्हर पापलेट २०२३ ला महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, आणि त्याच वर्षी सरकारने ५४ जातींना किमान आकार ठरवून दिला, पापलेटला १३५ मिलिमीटर. आमच्याकडचे जुने लोक कधीपासून ओरडत होते की लहान पापलेट मारू नका, तळहाताएवढं पण नाही असलं पिल्लू बाजारात येतं ते बघून पोटात तुटतं.

पण जाळ्यात आलेलं पापलेट बोटीवर येईतो मेलेलं असतं, ते मोजून पाण्यात टाकलं काय आणि विकलं काय, दर्याला सारखंच. म्हणून आमच्याकडे खरा उपाय म्हणजे जाळ्याचा आस (भोकाचा आकार) आणि बंदीचा काळ. आकाराची अट चालते ती सोडलेला मासा जगणार असेल तरच. तुमच्या तळ्यात मे महिन्यात जगतो, जुलैत मरतो, तर मग मे ला इंचाचा नियम ठेवा आणि जुलैला वेगळा ठेवा, वर्षभर एकच पट्टी कशाला?

तळ्याकाठी
सातपाटीकर, हेच, अगदी हेच म्हणायचं होतं मला. रश्मीताई, दुकानदारांचं दुःख खोटं नाही पण २०१७ सारखं ऐन वेळी बंद करण्यापेक्षा "दरवर्षी जुलै बंद" असं आधीच माहीत असलं तर लोक जून आणि सप्टेंबरचं बुकिंग करतील.

अभय_डुलुथ
मग रेड लेक बघा की. तिथे नव्वदच्या दशकात वॉलआय जवळजवळ संपला होता. रेड लेक बँड आणि राज्य एकत्र बसले, १९९९ पासून पूर्ण बंदी, कोट्यवधी पिल्लं सोडली, आणि २००६ ला तळं पुन्हा उघडलं ते आजतागायत चालू आहे. लीच लेकला पण चारची मर्यादा आणि मोठे मासे राखून मासा परत आला. कडक राहिलं की मासा येतो. तुम्ही सगळे सूट मागताय.

तळ्याकाठी
रेड लेकला रोग वेगळा होता अभय, तिथे अतोनात मासेमारी झाली होती, ती थांबवली की मासा वाढणारच. मिल लॅक्समध्ये तळंच बदललंय. २००५ ला झेब्रा शिंपले सापडले, २००९ ला तो काटेरी पाणपिसू, पाण्यातला बारीक किडा. शिंपले पाणी गाळून काचेसारखं स्वच्छ करतात, आणि वॉलआयला अंधुक पाणी लागतं, त्याचे डोळेच अंधारात बघायला बनलेत. पिसू पिल्लांच्या तोंडचं बारीक खाणं खातो. मोठ्या माशांचं आवडतं खाद्य म्हणजे टुलिबी हा मासा, तो पण कमी झाला, मग मोठे वॉलआय छोट्या वॉलआयलाच खाणार. अशा तळ्यात मोठ्यांची गर्दी राखून ठेवली की पिल्लं वाढतील हे गृहीत कसं धरायचं? किती वॉलआय पोसले जातील हे त्या पाण्यावर आहे आता, आपल्या कडकपणावर नाही.

रश्मी_क
२०२५ ला तीन मासे केले ना, १७ इंच आणि वर, त्यातला एकच २० च्या वर. मला तो नियम बराच बरा वाटला, पट्टा रुंद झाला. पण तळ्याकाठी म्हणतात तसं १७ च्या खालचे पण चालू केले तर?

अभय_डुलुथ
नको. २०१३ ची पिल्लं इतकी वर्षं जपली म्हणून हे तळं उभं आहे, आणि ती पिढी आता म्हातारी झाली. तिच्या मागून जे येतायत ते आत्ता १४-१५-१६ इंचात असतील, तेच तव्यावर गेले तर पाच वर्षांनी आपण परत इथेच भांडत बसू. तीनचे दोन करा मला चालेल, जुलैचं पण एक वेळ मान्य करीन, पण १७ च्या खाली हात लावू नका. डीएनआरला लेखी मत पाठवता येतं, मी हेच लिहून पाठवणार आहे.

तळ्याकाठी
मी पण पाठवतो, बरोबर उलटं. जुलैच्या मुद्द्यावर मात्र तुमचं नाव माझ्या पत्रात टाकू का?

अभय_डुलुथ
टाका. तेवढ्यापुरतंच.