नाण्यावरची उठलेली रेघ: ओरखडा की डायचा तडा?

चिल्लरवाला:
तांब्याचं एक जुनं नाणं घ्यायचा विचार आहे. त्यावर काठापासून राजाच्या मानेपर्यंत केसासारखी रेघ आहे आणि ती नखाला लागते, म्हणजे वर आलेली आहे. विकणारा ‘एरर’, म्हणजे टांकसाळीत चूक झालेलं नाणं, म्हणून दुप्पट मागतोय. द्यावेत का? आणि जाता जाता: पदकावर चेहरा एवढा उंच उठतो, मग नाण्यावर का नाही?

टूलरूमवाला:
वर आलेली आहे ना? मग ओरखडा नाही, डायला, म्हणजे नाणं पाडायच्या पोलादी ठशाला, गेलेला तडा आहे. डायवर चित्र उलटं आणि खोल कोरलेलं असतं. दाब पडला की धातू प्रत्येक खाचेत घुसतो, तड्यातसुद्धा. पण तडा गेल्यावर त्या डायने जेवढी नाणी पाडली, त्या सगळ्यांवर ही रेघ असणार, शेवटच्यांवर आणखी जाड. दुप्पट कशाला? अजिबात देऊ नका.

पदकांच्या डाय बनवण्यातच माझा दिवस जातो, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर जरा लांबवतो. नाणं एका ठोक्यात पडतं, तेही धडाधड. एवढ्यात धातू फार वर चढत नाही, म्हणून उठाव मुद्दाम कमी ठेवतात. शिवाय दोन्ही बाजूंना धातू एकाच कोऱ्या चकतीतून मिळतो. पुढे चेहरा उंच केला की नेमकी त्याच्या पाठची अक्षरं पुसट येतात. पदकाला घाई नसते. एक ठोका दिला की धातू कडक होतो, पुढे सरकायला तयार नसतो. मग चकती काढायची, भट्टीत तापवून मऊ करायची, आम्लात काळपटपणा घालवायचा आणि परत डायमध्ये बसवायची. उठाव जास्त असेल तर हे पुन्हा पुन्हा. बसवताना किंचित फिरली तर नाकाला दोन कडा! भट्टीपेक्षा मला या बसवण्याचीच धास्ती जास्त.

जुनाखजिना:
माझ्याकडच्या एका नाण्यावर रेघ नाही, पण मागच्या बाजूला पुढच्या चेहऱ्याची पुसट बाह्यरेषा दिसते. हाही तडाच का?

टूलरूमवाला:
नाही. मध्ये चकती यायची राहिली आणि दोन डाय एकमेकींवर आपटल्या. एकीची खूण दुसरीवर बसली, ती पुढच्या नाण्यांवर उतरली.

हातोडीवाला:
हाताने ठोकायच्या काळात वरची डाय आधी झिजायची, कारण घाव थेट तिच्यावर. खालची ठोकळ्यात घट्ट बसवलेली असायची. नाण्याचा काठही वेडावाकडा यायचा, कारण चकतीभोवती कॉलर, म्हणजे धातूला बाहेर पसरू न देणारं कडं, नसायची. बर्मिंगहॅमला बोल्टनच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या प्रेसवर पाडलेली 1797 ची पेनी बघा, एक औंसाची, काठ कसा गोल आहे.

चिल्लरवाला:
विकणाऱ्याला तडा म्हणून सांगितलं. आता तो म्हणतो, ‘तडा गेलेली डाय म्हणजे आणखी दुर्मिळ.’

टूलरूमवाला:
त्याच डायची आणखी दोन नाणी दाखव म्हणा. एकाच हबमधून, म्हणजे उठावदार मूळ ठशातून, बऱ्याच डाय निघतात, चित्र सगळ्यांवर सारखं; तडा मात्र ज्या-त्या डायचा वेगळा. रेघ जुळली तर डाय एकच, म्हणजे असं नाणं हे एकटंच नाही.