केतकीच्या बाथरूमला कोणत्या टाइल्स? (आपला फॅमिली ग्रुप)

केतकी (लंडन): मंडळी, बाथरूमचं काम पुढच्या महिन्यात निघतंय. घर वॉल्थमस्टोतलं, 1900 च्या आसपासचं, बाथरूम वरच्या मजल्यावर. हॉटेलसारखं पांढरं-करडं अजिबात नको. दोन पर्याय आहेत. एक, व्हिक्टोरियन काळातला नक्षीकार विल्यम मॉरिस याचं विलोच्या पानांचं डिझाइन छापलेल्या मोठ्या पोर्सिलेन टाइल्स, चारही भिंतींना छतापर्यंत. दोन, अर्ध्या भिंतीला गडद हिरव्या सहा इंची टाइल्स, वर रंग आणि बेसिनमागे हाती केलेल्या फुलांच्या टाइल्सचं पॅनेल. मॉरिस आमच्या वॉल्थमस्टोचाच, जन्म 1834 चा. मिसरूड फुटायच्या वयात राहिला त्या घरात आता त्याचं म्युझियम आहे. त्यामुळे मन पहिल्याकडे ओढतंय.

आई: छतापर्यंतच लाव. पुसायला बरं पडतं.

काका (पुणे): वहिनींचं बरोबर आहे. डॅडो, म्हणजे भिंतीवरच्या टाइल्सची उंची, सात फूट तरी हवाच. आणि जमिनीचा ढाळ कुठल्या बाजूला? फोटोत जाळी दिसली नाही.

केतकी: काका, जाळी नाहीच. इथल्या घरांत बाथरूमच्या जमिनीला सहसा ट्रॅप नसतो. खाली लाकडी तुळया आणि फळ्या आहेत. पाणी टबात नाहीतर शॉवरच्या काचेआड राहायला हवं.

काका (पुणे): म्हणजे सांडलेलं पाणी थेट खालच्या खोलीच्या छतात. वॉटरप्रूफिंगचं ठरलंय का?

मंदारदादा (टेलफर्ड): काका, तो प्रश्न सगळ्यात आधी. इथे त्याला टँकिंग म्हणतात. केतकी, शॉवरच्या भिंतींना ते करून घेच, आणि जमिनीवर टाइल बॅकर बोर्ड, म्हणजे टाइलखाली बसवायचा ताठ बोर्ड. फळ्या हलतात, त्यांच्यावर थेट टाइल बसवली की ग्राउट, म्हणजे जोडांत भरलेला मसाला, तडकलंच म्हणून समज.

दुसरं, वजन. गिलावा केलेल्या भिंतीवर इथे चौरस मीटरला 20 किलोची मर्यादा धरतात, चिकटवायचा मसाला आणि ग्राउट धरून. 10 मिलिमीटरची पोर्सिलेन टाइल एकटीच 23 किलोच्या आसपास जाते. म्हणजे पहिल्या पर्यायासाठी जुना गिलावा काढून बोर्ड लावावे लागतील. आणि या वयाच्या घरांत चुन्याचा गिलावा असतो, तो हात लावला की आणखी सुटतो.

केतकी: हे बिल्डरने सांगितलंच नाही.

मंदारदादा (टेलफर्ड): वजन बाजूला ठेवलं तरी मी दुसराच पर्याय सांगेन. मॉरिसची विलोची नक्षी 1887 ची, भिंतीच्या कागदासाठी काढलेली. डहाळी एकसलग वर चढत जाते, तीच तिची गंमत. टाइलवर छापली की दर जोडाला कापली जाते, आणि ग्राउटची रेघ पानांतून आरपार. उलट त्याचा मित्र विल्यम डी मॉर्गन. तो टाइल्सचाच माणूस, त्याने फुलं, पक्षी, मासे त्या चौकोनात बसतील असेच काढले. एक टाइल सुटी पाहिली तरी चित्र पुरं वाटतं. पॅनेल घ्यायचं तर त्या जातीचं घे.

आमच्या इथून जवळ सेव्हर्न नदीकाठी जॅकफिल्डला टाइल म्युझियम आहे, क्रेव्हन डनिल कंपनीच्या व्हिक्टोरियन कारखान्यात. त्याच आवारात आजही जुन्या पद्धतीच्या टाइल्स बनतात. एक प्रकार ट्यूब-लाइनिंगचा : पातळ माती नळीतून सोडत कोरड्या टाइलवर रेघ काढायची, कोनाने मेंदी काढतात तशी. रेघ उंच राहते आणि मधल्या खळग्यांत ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा रंगीत लेप, भरतात. भाजल्यावर खळग्यात रंग दाट आणि कडेला फिका होतो. एकाच पाकळीत दोन-तीन छटा उतरतात, त्या छपाईत येत नाहीत.

सुमनमावशी (दादर): मंदार, राणीच्या बागेजवळच्या भाऊ दाजी लाड म्युझियमची जमीन मिंटनच्या टाइल्सचीच ना? शाळेच्या मुलांना घेऊन जायचे तेव्हा मी निम्मा वेळ खालीच बघत असे.

मंदारदादा (टेलफर्ड): हो मावशी, इंग्लंडातल्या स्टोक-ऑन-ट्रेंटचे टाइलवाले मिंटन. म्युझियम 1872 साली लोकांना खुलं झालं. मिंटननी ज्या एन्कॉस्टिक टाइल्स गाजवल्या त्यांची नक्षी वरून रंगवलेली नसते, वेगवेगळ्या रंगांच्या माती एकमेकींत बसवलेल्या असतात. झिजली तरी नक्षी राहते.

सुमनमावशी (दादर): मग केतकी, जमिनीला तसं काहीतरी कर आणि भिंती शांत ठेव. फुलं कोणती घेणार?

केतकी: ब्लूबेल. वसंतात वॉनस्टेड पार्कच्या झाडीखाली सगळी जमीन निळी-जांभळी होते. बाकीचं वर्षभर ते डोळ्यांसमोर असावं असं फार वाटतं.

आई: हे छान आहे गं. पण लंडनचं पाणी जड. हिरव्या टाइलवर पांढरे डाग नाही पडणार?

मंदारदादा (टेलफर्ड): पडणार, काकू. म्हणून हाताच्या टाइल्स बेसिनमागेच, शॉवरमध्ये साध्या गुळगुळीत. ग्लेझमध्ये बारीक जाळीसारख्या भेगा असतील तर ग्राउटआधी सीलर मारायचा आणि नंतर पुन्हा. नाहीतर ग्राउटचा रंग भेगांत शिरतो आणि निघत नाही. आणि व्हिनेगर नको, रोजच्या रोज कोरडं पुसणंच बरं.

केतकी: ठरलं मग, दुसरा पर्याय. जमीन मात्र मिंटनसारखी काळी-तांबडी भौमितिक. अजून एक. पुढच्या खोलीतल्या फायरप्लेसला दोन्ही बाजूंनी जुन्या टाइल्स आहेत, बिल्डर म्हणतो त्याच वेळी काढून टाकू.

मंदारदादा (टेलफर्ड): मुळीच नाही! त्या शंभर वर्षांपूर्वीच्या खऱ्या, नव्या आपण त्यांच्यासारख्या दिसाव्यात म्हणून घेतोय. जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, कोणाला घासू किंवा कापू देऊ नकोस. साबणाच्या पाण्याने पूस, तेवढं पुरे. त्यातला हिरवा बाथरूमला जुळतो का बघ, नमुन्याची टाइल तिथे धरून.

सुमनमावशी (दादर): त्या फायरप्लेसचा फोटो आधी टाक.

काका (पुणे): आणि बाथरूमच्या भिंतीचाही, गिलावा उकरलेल्या जागेचा जवळून. तुळयांमधलं अंतर मोजून कळव. बॅकर बोर्ड किती जाडीचा लागेल ते मंदारशी बोलून सांगतो, तोवर टाइल्सची ऑर्डर देऊ नकोस.