गोव्यात घेतलेली बाटली बांद्याला गुन्हा कशी ठरते?

प्रश्न
गेल्या महिन्यात गोव्याहून मोटारीने परतताना महाराष्ट्राच्या हद्दीतील बांद्याजवळच्या तपासणी नाक्यावर आमच्या पुढची गाडी बाजूला घेण्यात आली. डिकीत चार सीलबंद बाटल्या होत्या, मालकाच्या हातात दुकानाचे रीतसर बिल होते आणि ‘कर भरलेला आहे’ असे तो पुन्हापुन्हा सांगत होता. तरीही पंचनामा सुरू झाला. भारतीय न्याय संहिता देशभर एकच असताना असे कसे होते, आणि असा कायदा सामान्य माणसाने वाचावा तरी कसा?

प्रतिसाद १ (वकील)
भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा घेतली हे खरे, परंतु सगळे गुन्हे त्या एका पुस्तकात नसतात. मद्य हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहे. त्यामुळे त्याबाबतचे गुन्हे आणि शिक्षा विधानसभा ठरवते. गोव्याचा १९६४ चा कायदा अबकारी शुल्काचा, म्हणजे मूलतः महसुलाचा आहे. महाराष्ट्राचा १९४९ चा कायदा मात्र नावापासूनच दारूबंदीचा असून आधी सरसकट मनाई आणि मग परवान्यापुरती सूट, अशी त्याची बांधणी आहे. त्या गृहस्थांचे बिल खोटे नव्हते. ते फक्त गोवा सरकारला कर मिळाल्याचा पुरावा होते.

वाचायला सुरुवात शिक्षेच्या कलमापासून करू नये. आधी व्याख्या पाहाव्यात. या कायद्यात ‘आयात’ म्हणजे परदेशातून माल आणणे नव्हे, तर राज्याबाहेरून राज्यात आणणे. हा एक शब्द समजला की बांद्याचा नाका समजतो.

प्रतिसाद २ (सावंतवाडी)
आमच्याकडे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. बाटलीच्या लेबलावरच ती केवळ गोव्यात विक्रीसाठी असल्याचे छापलेले असते, पण बारीक अक्षर वाचतो कोण? पोर्तुगीज वारशामुळे गोव्याचा फौजदारी कायदाच निराळा आहे, असाही एक गैरसमज पर्यटकांत आढळतो. तो वारसा नागरी कायद्यापुरता, म्हणजे विवाह, वारसाहक्क, मालमत्ता यांपुरता आहे; चोरी-मारामारीला तिथेही न्याय संहिताच लागते.

प्रतिसाद ३ (चंद्रपूर)
राज्याची सीमा तरी नकाशावर दिसते. १९४९ चा हाच मुंबई प्रांताचा कायदा १९६० नंतर गुजरातकडेही गेला आणि तिथे कडक दारूबंदी राहिली, तर महाराष्ट्रात दुकानांना परवाने मिळत गेले. त्याहून नवल म्हणजे महाराष्ट्राच्या आतही वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत, आणि आमच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. म्हणून अधिनियमाची प्रत हाती असणे पुरेसे नाही. नियम, अधिसूचना आणि घटनेची तारीख हेही पाहावे लागते. बंदी उठली म्हणून त्या काळातले खटले आपोआप मिटत नाहीत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. गोव्याच्या बाजूने वाहतुकीचा परवाना घेतला असता तर त्या गृहस्थांची सुटका झाली असती का?

प्रतिसाद १ (वकील)
तेवढ्यावर नाही. तो परवाना गोव्याच्या हद्दीपुरता कामाचा. नाका ओलांडल्यावर महाराष्ट्राच्या राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते, आणि ती माल आणण्यापूर्वी हातात असावी लागते.