मदत हवी आहे : गर्भाशयमुखाच्या प्रतिमांत सूज आणि पूर्वकर्करोग वेगळे कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी. गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रकाशीय प्रतिमांवरून लवकर ओळखण्याच्या प्रकल्पावर काम करतोय. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजीवाल्यांचा सल्ला हवा आहे.

३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावल्यावर विकृत पेशींचा भाग पांढरा दिसतो, इथवर ठीक. पण अपक्व मेटाप्लाझिया (अस्तराच्या पेशींचा प्रकार बदलत असतानाची निरुपद्रवी अवस्था) आणि सूज असलेला भागही पांढरा होतो, आणि आमची प्रणाली नेमकी तिथेच गडबडते. पांढरेपणा किती वेगाने येतो, किती वेळ टिकतो, हे मोजून फरक करावा असा विचार आहे. प्रत्यक्ष तपासताना तुम्ही यावर कितपत भिस्त ठेवता? की हिरव्या फिल्टरमधून दिसणारी रक्तवाहिन्यांची नक्षी, म्हणजे पंक्चुएशन (ठिपके) आणि मोझेक (फरशीसारखी जाळी), जास्त भरवशाची?

दुसरं, स्वयंप्रदीप्ती, म्हणजे ठरावीक प्रकाश टाकल्यावर ऊतींनी स्वतःच चमकणं. पूर्वकर्करोगात अस्तराखालच्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाची चमक घटते, पेशींमधल्या एनएडीएच या ऊर्जानिर्मितीतल्या रेणूची वाढते. तत्त्व सुंदर आहे हो, पण वय आणि रजोनिवृत्तीनेही ही चमक बदलते. मग वयोगटानुसार निकष वेगळे ठेवावेत का?

ओल्या पृष्ठभागाची चकाकी क्रॉस पोलरायझरने (चकाकी गाळणाऱ्या फिल्टरजोडीने) आटोक्यात आली आहे, त्याची चिंता नाही.

रजोनिवृत्तीनंतर संक्रमण क्षेत्र (जिथे बहुतेक पूर्वकर्करोग सुरू होतो तो भाग) बऱ्याचदा आत सरकतं, कॅमेऱ्याला दिसतच नाही. अशा स्त्रियांसाठी प्रतिमेचा हट्ट सोडून एचपीव्ही (या कर्करोगाला कारणीभूत विषाणू) डीएनए चाचणीच करावी, असं माझं मत. चुकत असेल तर सांगा.

आणि हो, आमची प्रणाली बायोप्सीच्या (तुकडा काढून तपासण्याच्या) ऐवजी नाही, बायोप्सीची जागा नेमकी निवडायला वापरायचं आहे.