'म्युटंट लाइन'ला मराठीत काय म्हणायचं? 'उत्परिवर्ती वाण' चालेल का?

वनस्पतींच्या जनुकशास्त्रावर एक लेख मराठीत लिहितोय, त्यात 'म्युटंट लाइन' हा शब्द दर दोन ओळींनी येतो. म्हणजे एखादं जनुक बिघडलेलं किंवा बदललेलं आहे अशा रोपांचं बी, जे पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेलं असतं आणि झाडाची वाढ कशी होते, फूल कसं घडतं, मूळ खालीच का जातं असल्या प्रश्नांसाठी वापरतात ते. 'उत्परिवर्तन' हा शब्द पाठ्यपुस्तकात रुळलाय त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही, पण 'लाइन'साठी मी 'वाण' घातलं आणि तेव्हापासून वाक्य वाचताना काहीतरी खटकतंय. नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाहीये. कोणी सांगेल का?

———

खटकायलाच पाहिजे. वाण म्हणजे निवडलेलं. जास्त उतारा देतं, रोगाला दाद देत नाही, लवकर निसवतं, काहीतरी चांगलं आहे म्हणून ते ठेवलं आणि त्याला नाव दिलं. म्युटंट लाइन बरोबर उलट कारणासाठी ठेवतात, तिच्यात एका ठराविक जागी काहीतरी बिघडलंय आणि ती जागा आपल्याला माहीत आहे (किंवा शोधायची आहे) म्हणून. फ्यूज काढून कुठला दिवा विझतो ते बघावं तसं आहे ते. विझलेल्या दिव्याला कोणी सुधारित दिवा म्हणत नाही.

आता घोळ असा की 'उत्परिवर्ती वाण' ही गोष्ट खरोखरच अस्तित्वात आहे, म्हणून तो शब्द आधीच अडकलेला आहे. बियाण्यावर गॅमा किरण सोडून किंवा रसायन वापरून बदल घडवायचे आणि त्यातून शेतीला उपयोगी निघेल ते उचलायचं, याला म्युटेशन ब्रीडिंग म्हणतात आणि अशा ३,२०० हून जास्त वाणांची नोंद अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था मिळून ठेवतात. स्कॉटलंडमधलं व्हिस्कीसाठी गाजलेलं 'गोल्डन प्रॉमिस' बार्ली हे त्यातलंच, गॅमा किरणांतून आलेलं बुटकं वाण. तर ते उत्परिवर्ती वाण. तुमच्या लेखातलं ते नव्हे.

———

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, आणि एक भर. 'वाण' म्हटलं की सगळी रोपं एकसारखी येणार असं आपण गृहीत धरतो, तेच तर वाणाचं लक्षण आहे. म्युटंट लाइनच्या बाबतीत हे कितीदा तरी खोटं ठरतं.

अरॅबिडॉप्सिसचा अगॅमस म्युटंट घ्या (अरॅबिडॉप्सिस म्हणजे मोहरीच्या कुळातलं ते बारकं तण, ५ गुणसूत्रांच्या जोड्या, सहाएक आठवड्यांत बी ते बी, एका ग्रॅममध्ये ५०,००० च्या आसपास बिया बसतात). या म्युटंटच्या फुलात पुंकेसर पण नाहीत आणि स्त्रीकेसर पण नाही, पाकळ्यांच्या आत पाकळ्या आणि मध्यभागी पुन्हा नवीन फूल सुरू, असं चालूच राहतं. दिसायला झकास, पण याला बी येणार कुठून? तर ही लाइन टिकवायची म्हणजे तिच्या निरोगी दिसणाऱ्या भावंडांकडून, ज्यांच्याकडे एक प्रत चांगली आणि एक प्रत बिघडलेली असते. त्यांचं बी पेरलं की चारात साधारण एक अगॅमस निघतं, बाकीची तीन दिसायला ठणठणीत आणि त्या तिनातली दोन गुपचूप बिघाड पुढे नेणारी. म्हणजे पाकिटावर 'अगॅमस' लिहिलेलं आणि आतलं तीन चतुर्थांश बी फुलावर आल्यावर तुम्हाला नॉर्मल दिसणार! भ्रूणातच गडबड होणारे नोम, मोनोप्टेरॉस वगैरे म्युटंट तर रोपपणीच संपतात, त्यांचंही असंच जपावं लागतं. 'शुद्ध वाण' म्हणून हे पाकीट कोणाला दिलं तर तो फसवणुकीची तक्रार करेल.

———

मग 'कूळ' म्हणा की. 'अगॅमस कूळ'. ऐकायला पण चांगलं वाटतं.

———

कुळाचं नको, वनस्पतिशास्त्रात कुल म्हणजे फॅमिली, वरच्याच प्रतिसादात 'मोहरीच्या कुळातलं' आलंय बघा, एकाच लेखात दोन अर्थांनी आलं की वाचणारा गोंधळणार. 'वंश' त्यातल्या त्यात बरा, कारण लाइन म्हणजे शेवटी एकाच आईबापाची सांगता येणारी परंपरा. पण 'उत्परिवर्ती वंश' म्हटलं की मला तरी इतिहासाच्या पुस्तकातलं राजघराणं आठवतं.

माझ्या मते 'लाइन' तशीच ठेवा. बसची लाइन, फोनची लाइन, लाइनमन, हा शब्द मराठीत कधीचा राहायला आलाय, त्याला बियाण्याच्या दुकानात शिरायला कोण अडवणार.

———

एक गंमत सुचली म्हणून लिहितो. 'वाण' या शब्दाला मराठीत निदान तीन वेगळे अर्थ आहेत. 'वाण नाही पण गुण लागला' मधला वाण म्हणजे रंग. बियाण्याचा वाण म्हणजे जात. आणि स्त्रीलिंगी वाण म्हणजे उणीव, 'त्यांना कशाची वाण नाही' म्हणतो ना तसं. आता नॉकआउट लाइन म्हणजे जिच्यात एखादं जनुक बंदच पाडलंय ती, म्हणजे एका जनुकाची वाण असलेलं वाण!! लेखात वापरू नका, पण वाक्य जमलंय हे मान्य करा.

———

जमलंय :)

पण यावरून खरा मुद्दा निघतो तो नावांचा. म्युटंटची नावं उणिवेवरूनच पडतात आणि मग तेच नाव जनुकाला चिकटतं, आणि इथे मराठीत लिहिणारा हमखास आपटतो. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' याच्या उलट प्रकार आहे, नाव कथलाचं आणि हातात सोनं. स्पीचलेस नावाचं जनुक आहे, ते काय करतं? पानावर पर्णरंध्रं तयार करायला लावतं. रंध्राला शास्त्रीय भाषेत स्टोमा म्हणतात आणि त्याचा ग्रीकमधला अर्थ तोंड, तर जनुक बिघडलं की पानाला तोंडंच नाहीत, म्हणून ते रोप मुकं, म्हणून नाव स्पीचलेस. याचीच दुसरी बाजू म्हणजे टू मेनी माउथ्स, त्यात पानावर रंध्रं नको तिथे एकमेकांना चिकटून दाटी करतात.

पिन-फॉर्म्ड घ्या. म्युटंटचा दांडा वर जातो तो सुईसारखा बोडका, फुलंच नाहीत, कारण ऑक्सिन हे संप्रेरक एका ठिकाणी गोळा करून फुलाची कळी कुठे उगवायची ते ठरवणारं प्रथिन गायब असतं. म्हणजे पिन-फॉर्म्ड जनुकाचं काम पिन बनवणं हे नाहीच, पिन होऊ न देणं हे आहे! मी एका मराठी मजकुरात 'टाचणीचा आकार देणारे जनुक' असं वाचलंय, डोक्याला हात लावला. वुशेलचं पण तसंच, जर्मनमध्ये त्याचा अर्थ विस्कटलेले केस, आपल्याकडे झिपरं म्हणू. शेंड्यावरच्या मूळ पेशी (स्टेम सेल, मुळाच्या नव्हेत) टिकवणारं जनुक आहे ते, ते गेलं की शेंडा थांबतो, बाजूने परत सुरू होतो, परत थांबतो, आणि रोप झिपरं दिसतं. जनुक स्वतः झिपरं करत नाही बिचारं.

तर नियम सोपा, नावावरून काम उलटं वाचायचं. आणि नावांचं भाषांतर करायला जाऊ नका. 'मुके जनुक' वाचून कोणाला काय कळणार.

———

यात अजून एक भानगड आहे जी फक्त आपल्याला आहे. अरॅबिडॉप्सिसवाल्यांची पद्धत अशी की रोमन लिपीत मूळ जनुक तिरक्या मोठ्या अक्षरात, म्युटंट तिरक्या छोट्या अक्षरात, आणि प्रथिन सरळ मोठ्या अक्षरात. तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात नुसत्या अक्षराच्या आकारावरून कळतात. देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नाही! 'अगॅमस फुलात असतं' असं लिहिलं तर जनुक असतं का प्रथिन असतं का म्युटंट फूल असतं, काही पत्ता लागत नाही. म्हणून मराठीत दर वेळी पुढे शब्द लावायचाच, 'अगॅमस जनुक', 'अगॅमस प्रथिन', 'अगॅमस म्युटंट'. कंटाळवाणं होतं पण इलाज नाही. तिरकं टाइप करून भागेल असं वाटतं पण देवनागरी तिरकी केली की फोनवर वाचवत नाही आणि प्रथिनाचा प्रश्न तसाच राहतो.

———

मूळ प्रश्नकर्ता. भरपूर मिळालं, धन्यवाद. 'लाइन' ठेवतोय. आता 'वाइल्ड टाइप'चं काय? मी 'रानटी प्रकार' लिहिलंय.

———

अहो रानटी काय! वाइल्ड टाइप म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो. आज जगभर बहुतेक प्रयोगांत वाइल्ड टाइप म्हणून वापरतात ते अरॅबिडॉप्सिसचं कोलंबिया, कोल-शून्य (Col-0), आणि ते इतकी दशकं प्रयोगशाळेच्या ट्रेमध्ये, ठरलेल्या उजेडात वाढतंय की त्याच्याइतकं पाळीव झाड सापडणार नाही. २००० साली ज्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला तेही हेच.

आणि दुसरं नेहमीचं वाइल्ड टाइप लँड्सबर्ग इरेक्टा, त्याची तर मजाच आहे. अमेरिकेत मिझुरी विद्यापीठात जॉर्ज रेडेई यांनी १९५० च्या दशकात लँड्सबर्ग नावाच्या बियांवर क्ष-किरण सोडले, त्यातून एक ताठ, आटोपशीर रोप निघालं, ते हे. म्हणजे हे स्वतःच म्युटंट आहे, इरेक्टा जनुक बिघडलेलं! पण सुटसुटीत वाढतं म्हणून लोकांनी त्याच्यावर पुढचे म्युटंट काढायला सुरुवात केली, आणि त्या सगळ्यांच्या मानाने ते वाइल्ड टाइप झालं. कोलंबिया पण त्याच लँड्सबर्ग बियांमधून, पण किरण न लावलेल्या, निवडलेलं, ज्या गावात विद्यापीठ त्या गावाचं नाव. तर वाइल्ड टाइप ही झाडाची जात नाही, ती प्रयोगातली जागा आहे. आज जो तुलनेला उभा तो.

'मूळ प्रकार' किंवा 'संदर्भ लाइन' लिहा. मला 'संदर्भ लाइन' जास्त आवडतं, 'मूळ' मध्ये पण एक खोटा प्राचीनपणा येतो, शिवाय झाडांच्या लेखात 'मूळ' म्हणजे रूट पण, 'मूळ प्रकाराचं मूळ लांब असतं' असलं वाक्य होऊन बसतं.

———

एक विनंती, लेखात 'म्युटंट' आणि 'जीएम' (जनुकीय सुधारित) एकच करू नका, लोक सर्रास करतात. ईएमएस नावाच्या रसायनात बी भिजवून जे म्युटंट काढतात त्यात बाहेरचा डीएनए काहीच नसतो, बीच्याच डीएनएमधलं एखादं अक्षर बदलतं, बहुतेक वेळा जी-चा ए होतो. भिजवलेल्या बीपासून आलेल्या रोपात काही दिसेलच असं नाही, बऱ्याचदा पुढच्या पिढीत दिसतं, म्हणून एम१ आणि एम२ पिढ्या वेगळ्या मोजतात. आणि एक अक्षर हवं असताना शेकड्याने दुसरी अक्षरं पण बदललेली असतात, ती गाळायला संदर्भ लाइनशी परत परत संकर करावा लागतो.

टी-डीएनए लाइन हा दुसरा प्रकार, त्यात जिवाणूच्या मदतीने बाहेरचा तुकडा घुसवतात आणि तो जिथे पडेल तिथलं जनुक मोडतं, साल्क इन्स्टिट्यूटच्या 'साल्क लाइन' या अशा. २००३ मध्ये त्यांचा मोठा संच जाहीर झाला. म्हणजे साल्क लाइन ही म्युटंटही आहे आणि ट्रान्सजेनिकही (बाहेरचा डीएनए घातलेली). ईएमएसवाली नुसती म्युटंट. हे बी ओहायो स्टेट आणि नॉटिंगहॅम इथल्या बीजसंग्रहांतून मागवता येतं, आणि तिथून साल्कचं पाकीट आलं तरी आतलं प्रत्येक रोप तपासून घ्यावं लागतं, कारण बरेचदा बिघडलेल्या दोन्ही प्रती सगळ्यांत नसतात. पाकिटावरच्या नावावर जाऊ नका हे वर कोणीतरी सांगितलंच आहे.

———

मला 'उत्परिवर्तन' शब्दच थोडा अपुरा वाटतो, चर्चा चालू आहे तर विचारून घेतो. डीएनएचं अक्षर न बदलता म्युटंट झाला तर?

सुपरमॅन नावाचा म्युटंट आहे (पुंकेसरच पुंकेसर, म्हणून नाव), आणि त्याच्यासारखे दिसणारे काही म्युटंट मिळाले ज्यांच्यात सुपरमॅन जनुकाची अक्षरं जशीच्या तशी, फक्त त्यावर मिथाइल नावाच्या रासायनिक गटाचे ठिपके जास्त बसून जनुक गप्प झालेलं. त्यांना नाव काय दिलं, क्लार्क केंट, म्हणजे सुपरमॅनचं साध्या माणसाचं रूप :) आणि ते गप्प बसणं घालवणारा जो म्युटंट सापडला तो क्रिप्टोनाइट (कॉमिकमध्ये सुपरमॅनला दुबळं करणारा पदार्थ). वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७४४ मध्ये वर्णन केलेलं पेलोरिया, ते लिनारिया या झाडाचं नेहमीच्या दोन ओठांच्या फुलाऐवजी सगळीकडून सारखं दिसणारं फूल, तेही असंच निघालं, १९९९ मध्ये तपासलं तर अक्षर बदललेलं नाही, जनुक मिथाइलने झाकलेलं. पेलोरियाचं नाव ग्रीकमधल्या राक्षसावरून आहे.

———

त्याला एपिम्युटेशन म्हणतात, मराठीत 'अधि-उत्परिवर्तन' वगैरे जोडता येईल पण उच्चारताना जीभ अडखळते. लेखात एकदा समजावून 'एपिम्युटंट' लिहा आणि पुढे चला. 'विकृती' हा शब्द मात्र कुठेच नको, पेलोरियाला लिनियसने राक्षस म्हटलं म्हणून आपण कशाला.

———

शेवटचं विचारतो. 'म्युटंट उगवला' का 'म्युटंट उगवलं'?

———

नुसता म्युटंट असेल तर पुल्लिंगी, 'नवा म्युटंट सापडला' असंच सगळे बोलतात. पण उगवतं ते रोप, म्हणून तिथे 'म्युटंट रोप उगवलं'. लाइन स्त्रीलिंगी, 'लाइन जपली', 'लाइन मागवली'. आणि अनेकवचनात 'लाइनी' करू नका हो प्लीज, 'लाइन्स' किंवा सरळ 'पाच लाइन मागवल्या'.

———

'लाइनी'ला काय झालं? आमच्याकडे तेच म्हणतात.