'वॉर्प' : पीळ की मुरड?

भाषांतरकार :
राइट बंधूंच्या पेटंटचा (अमेरिकी क्र. ८२१३९३, २२ मे १९०६) मराठी अनुवाद चालू आहे. त्यात 'एरोप्लेन वॉर्प करणे' अशा अर्थाची रचना पुन्हापुन्हा येते. कोशात वॉर्प म्हणजे मागावरचा ताणा, तो इथे निरुपयोगी. मी 'विमान पिळणे' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'विमान मुरडणे' केलं. दोन्ही खटकतं. काय लिहावं?

तारकाम :
खटकतं ते 'विमाना'मुळे. त्या पेटंटात एरोप्लेन म्हणजे अख्खं यंत्र नव्हेच. वजन पेलणारा पृष्ठभाग, म्हणजे पंख, अशी व्याख्या त्यांनीच देऊन ठेवली आहे. यंत्राला ते 'फ्लाइंग मशीन' म्हणतात. आधी 'पंख' करा, मग 'पिळणे' आपोआप बसेल. सायकलच्या ट्यूबचं रिकामं खोकं दोन टोकांना धरून उलटसुलट फिरवलं की एका टोकाची मागची कड खाली जाते, दुसऱ्याची वर. विल्बरला १८९९मध्ये कल्पना सुचली ती यावरूनच. त्याच उन्हाळ्यात त्याने पाच फुटी द्विपंखी पतंगाला चार दोऱ्या नि दोन काठ्या लावून ती पडताळली.

रंधा :
असहमत. पीळ सुंभाला असतो, वेढे घेत जाणारा. १९०३च्या यंत्रात पंखांची पुढची बाजू तारांनी घट्ट आवळलेली आहे, ती हलत नाही. खालीवर होते ती बाहेरच्या भागांची मागची कड. कडेला वळण देणं म्हणजे मुरड, करंजीला घालतो तशी.

तारकाम :
करंजीची मुरड उलगडायची नसते. पंख मात्र वैमानिकाने कंबर मधे आणली की सरळ व्हायलाच हवा. (तो खालच्या पंखावर पालथा पडलेला असे. कमरेखालची झोळी डावीउजवीकडे सरकवली की तारा ओढल्या जात.) शिवाय पुढची कड जागेवर आणि मागची ढळलेली, म्हणजे मधून टोकाकडे जाताना पंखाचा कोन बदलत जातो. सुतार यालाच फळीने पीळ खाल्ला म्हणतात ना?

रंधा :
म्हणतात, पण दोष म्हणून. ओल्या लाकडाची फळी आपोआप पीळ खाते. इथे तर मुद्दाम केलेली क्रिया आहे.

शुद्धमती :
'व्यावर्तन' घ्या, वाद मिटेल. आणि पुढे रडर येईल तिथे कृपया 'सुकाणू' नको. तो अरबी 'सुक्कान'. आपल्याकडे नावेच्या त्या अवयवाला 'कर्ण' हा जुना शब्द आहे, कर्णधार त्यावरूनच आला.

तारकाम :
कर्ण इथे चालणारच नाही. वरखालच्या पंखांमधल्या उभ्या दांड्यांच्या चौकटींत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तारा आहेत, त्या कर्णावरच्या. 'कर्णाची तार ओढली' यातून वाचकाने कुठली तार समजायची? सुकाणू कुठूनही आलेलं असो, कोकणच्या होडीवर ते कधीचं रुळलं आहे. अनुवादात सावध राहायचं ते वेगळ्या कारणाने : राइट बंधू नाक वरखाली करणाऱ्या पुढच्या फळ्यांनाही रडरच म्हणतात. 'आडवं सुकाणू' नि 'उभं सुकाणू' असं वेगळं करा.

रंधा :
मला सुकाणू अर्थाच्या बाजूनेच पटत नाही. होडी सुकाणूने वळते, विमान कुशीवर कलून वळतं. मागचं उभं पान आलं ते दुसऱ्याच कामासाठी. पंखाच्या एका टोकाचा कोन वाढवला की तिथली उचल वाढते, तशी हवेची ओढही वाढते. ते टोक वर जाता जाता मागे खेचलं जातं आणि नाक वळणाच्या उलट दिशेला जातं. १९०१च्या ग्लायडरला शेपूट नव्हतं, तिथे हे दिसलं. १९०२मध्ये दोन उभी पानं पक्की बसवली, तर दुसरंच संकट. यंत्र खालच्या पंखाच्या बाजूला घसरू लागलं की वारा त्याच बाजूने पानांवर आदळे, यंत्र गिरकी घेई आणि खालचं टोक वाळूत रुते. दोघे त्याला 'विहीर खणणं' म्हणत. शेवटी एकच पान ठेवलं, ते फिरतं केलं आणि झोळीच्याच तारांना जोडलं. म्हणजे ते तोल सावरणारं पान आहे. 'सावरपान' म्हणा.

शुद्धमती :
सावरपान ऐकायला गोड आहे, पण आज विमानतळावर काम करणारा कोण ते म्हणेल?

तारकाम :
व्यावर्तनही कोणी म्हणत नाही. आणि १९०५मध्ये ते पान झोळीपासून सोडवून त्याला स्वतंत्र दांडा दिला, तेव्हा सुकाणू म्हणायला काय हरकत?

भाषांतरकार :
याच लेखनात 'स्टॉल'ही द्यायचा आहे. तपासणाऱ्यांनी 'इंजिन बंद पडले' केलं आहे.

रंधा :
ते आधी खोडा! १४ डिसेंबर १९०३ला विल्बरने उड्डाणासाठी मांडलेला रूळ सोडताच नाक फार उचललं, यंत्र साडेतीन सेकंदांत खाली आलं, आणि इंजिन चालूच होतं. पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला की पंखाच्या पाठीवरून हवा सुटते आणि उचल ढासळते. 'उचल सुटणे' लिहा.

तारकाम :
'सुटणे'त कायमचं गेल्याचा भास होतो. सप्टेंबर १९०५मध्ये ऑर्व्हिल काटेरी झाडाजवळ घट्ट वळणात अडकला, आतला पंख उठेना. कललेल्या यंत्राला वळणात जास्त भार पेलावा लागतो, त्याला वेगही जास्त हवा. त्याने नाक खाली केलं, वेग आला, पंख उठला. उचल परत मिळते. 'उचल तुटणे' बरं.

रंधा :
तुटलेलं तरी कुठे परत जुळतं?