पायपर की बॅगपायपर?

रानपाखरू
बॅगपाइप, म्हणजे हवेची पिशवी लावलेलं वाद्य, वाजवणाऱ्याला स्कॉटलंडवरच्या मराठी लेखांत सर्रास 'बॅगपायपर' म्हटलेलं दिसतं. तिथले वाजवणारे मात्र स्वतःला पायपर म्हणवतात. तिथल्या गेलिक भाषेतला शब्दही 'पीबरे', त्यात पिशवीचं नाव नाही. ब्रिटिश लष्करात तर पायपर हा साध्या शिपायाच्या बरोबरीचा हुद्दाच. १९१५ साली लूसच्या लढाईत विषारी वायूची पर्वा न करता खंदकाच्या काठावर वाजवत राहिलेल्या डॅनियल लेडलॉला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो पायपर लेडलॉ म्हणूनच. मराठीतही पायपरच लिहावं.

तिरकस_तात्या
नाही पटलं. मराठी वाचकाला पायपर म्हटलं की हॅमेलिनचा उंदीरवाला आठवतो, आणि त्याच्या हातात बासरी! शिवाय बॅगपायपर हा काही कालपरवाचा शब्द नाही. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या पहिल्याच प्रवेशात आहे: बॅगपायपर ऐकून पोपटासारखे हसणारे लोक.

रानपाखरू
शेक्सपिअर पडला इंग्लंडचा, त्याची साक्ष स्कॉटलंडला कशाला? आणि आपल्याकडे बॅगपायपर म्हटलं की आधी त्या नावाच्या व्हिस्कीची बाटली डोळ्यांपुढे येते, त्याचं काय?

मंद्रसप्तक
बाटली राहू द्या. नावात पिशवी हवीच, कारण सगळी करामत तिचीच आहे. काखेतली पिशवी दाबत राहायचं, म्हणजे हवा अखंड वाहते. सनईवाला जिभेने सूर तोडू शकतो. इथे तोंड आणि पत्ती यांच्यामध्ये पिशवी, त्यामुळे जीभ बिनकामाची. चँटरवर, म्हणजे बोटांनी वाजवायच्या भोकांच्या नळीवर, अवघे नऊ स्वर, आणि एकच स्वर लागोपाठ दोनदा घ्यायचा तर मध्ये बोटाने निसटता कणस्वर टाकावा लागतो, नाहीतर दोन्ही मिळून एकच लांब सूर ऐकू येतो. ते जे सारखं 'टिर्र' ऐकू येतं ना, ती नुसती सजावट नाही, गरज आहे.

रानपाखरू
वा! पण नवशिके पहिले काही महिने नुसत्या प्रॅक्टिस चँटरवर बसतात. त्याला पिशवीच नसते. मग ते कोण?

मंद्रसप्तक
शिकाऊ.

कोपऱ्यातली_काकू
आयर्लंड विसरू नका. तिथले इलन पाइप्स तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखाली भाता असतो, आणि वाजवायचे बसून. ते वाजवणारेही पायपरच. तेव्हा नुसतं 'पायपर' लिहून भागत नाही. स्कॉटलंडचा हायलंड की आयर्लंडचा इलन ते सांगा. 'मशकवादक' सुचवू नका बरं, भिश्ती येईल डोळ्यांपुढे. गढवालात मशकबीन म्हणतात, ते तिथे शोभतं.

रानपाखरू
हायलंड पायपर मान्य. पण बीटिंग रिट्रीटच्या बातम्यांत 'पाइप बँड' लिहितात, तेव्हा कुणाचं अडत नाही. एकटा वादक आला की पिशवी कुठून उगवते?

तिरकस_तात्या
अडतं की! 'पाइप बँड' वाचून आमच्या सासऱ्यांना प्लंबरांची संघटना वाटली होती. मी बॅगपायपरच लिहिणार.